सुकेशनीचे पांढरे दात

"आ कर. अजून. अगं, मी चावत नाही, तूच चावशील मला."

पोरीनं तोंड उघडलं आणि माझ्या हातातला आरसा तिथल्या तिथं थांबला.

खडकडोहच्या शाळेच्या व्हरांड्यात, उजेडाकडे तोंड करून ठेवलेल्या लाकडी खुर्चीवर सकाळपासून चाळीस मुलं बसून उठली होती. सगळी ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. चाळिसांच्याही दातांवर तेच. कुणाच्या खडूसारखे पांढुरके डाग, कुणाच्या तपकिरी पट्टे, दोघा-तिघांच्या पुढच्या दातांना बारीक खड्डे, जणू कुणी सुईनं टोचले आहेत. तपासून झालं की प्रत्येक मूल उठताना हात तोंडाशी न्यायचं. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना ते.

ही एक्केचाळिसावी. मी कापसानं तिचे दात कोरडे केले, खुर्ची आणखी उजेडात सरकवली आणि पुन्हा पाहिलं. स्वच्छ, गुळगुळीत, दुधाळ. एकही डाग नाही.

"नाव काय तुझं?"

"सुकेशनी बाबाराव मेश्राम."

"किती वर्षांची?"

"नऊ."

"कुठं असतेस तू? इथं नवीन आलात का?"

"नाई जी. इथलीच हाय." मग तिनं हात तोंडावर ठेवला. तिच्या मैत्रिणी ठेवायच्या म्हणून तीही ठेवायची.

ही ब्याऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते, दंत महाविद्यालयातली संशोधन सहायक. आज मी सत्तरीला टेकले आहे. माणसांची नावं आठवायला वेळ लागतो, पण त्या पोरीचा खालचा उजवा सुळा अर्धा वर आलेला होता, हे मला आत्ताही दिसतं.

संशोधन डॉक्टर सोहनी सरांचं होतं. दाताचं वरचं कवच, एनॅमल, हे शरीरातलं सगळ्यात कठीण द्रव्य. हाडापेक्षा कठीण. पण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत मरून जातात, त्यामुळे ते एकदाच घडतं. नंतर चरा पडला, डाग पडला, तर शरीर ते पुन्हा बांधत नाही. पक्क्या दातांचं कवच मूल जन्मल्यापासून सात-आठ वर्षांचं होईपर्यंत हिरडीच्या आत, कुणाला न दिसता घडत असतं. त्या काळात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड बेताचं असेल तर कवच मजबूत होतं. फार असेल तर ते घडतानाच बिघडतं. सरांना सिद्ध करायचं होतं की खडकडोहला जे झालं ते पाण्यानं.

गावात पाणी दोन ठिकाणी होतं. गावाच्या मध्यावर जुनी बांधीव विहीर. आणि बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं वस्तीसाठी दोनशे फूट खोल खणून दिलेला हातपंप. दोन्हींचं पाणी आम्ही प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरून नेलं होतं. पंपाच्या पाण्यात विहिरीच्या दसपट फ्लोराइड निघालं. गावातली मुलं विहिरीचं पाणी प्यायची, वस्तीतली पंपाचं. सगळं नीट जुळत होतं, एका सुकेशनीचं सोडून.

दुपारी मी तिच्या घरी गेले. आई दारात भाकरी थापत होती, कडेला एका फडक्यावर आठ महिन्यांचं बाळ पालथं पडून रांगू पाहत होतं.

"या बाई, बसा. सुकीनं काई केलं काय?"

"नाही हो. उलट तिचे दात फार छान आहेत, पंचफुलाबाई. वस्तीत कुणाचे नाहीत तसे. ती कुठलं पाणी पिते?"

तिचा हात परातीत थांबला. "आमच्या इथं एकच पाणी हाय. पंपाचं."

"लहान असल्यापासून?"

 तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली. मी बसून राहिले. तेव्हा मला माझ्या चिकाटीचा फार अभिमान होता.

"तुम्ही जे लिवता, तो कागद कुठं जाते बाई?"

"कॉलेजात. कपाटात. गावात कुणी वाचत नाही तो."

"खरं?"

"अगदी खरं."

तेव्हा तिनं सांगितलं. ती सरपंच गावंडेंच्या गोठ्यात शेणगोठा करायला जायची. सुकेशनी दहा दिवसांची होती तेव्हापासून तिला पाटीत घालून न्यायची, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. गावंडेंच्या गोठ्यात म्हशींसाठी दगडी हौद होता आणि तो विहिरीच्या पाण्यानं भरायचे. पोरगी वरचं पाणी प्यायला लागली तेव्हा पंपाचं पाणी ओकून टाकायची. मग पंचफुला तिला हौदातलं ओंजळीनं पाजायला लागली. पुढं येताना शेणाच्या पाटीखाली झाकून लहान कळशी आणायला लागली.

"चोरी नाई हाय बाई. म्हशीच्या पिण्यातलंच व्हतं. म्हशीनं टाकलेलं."

"आणि ही?" मी बाळाकडे बोट केलं. "हिला?"

"परदन्याले बी तेच पाजतो. मागच्या महिन्यापासून."

मी आनंदानं अक्षरशः तिचा पिठाळलेला हात धरला. "पंचफुलाबाई, हे बंद करू नका. काहीही झालं तरी प्रज्ञा आठ वर्षांची होईपर्यंत हेच पाणी पाजा. तिचे पक्के दात आत्ता घडताहेत. आत, इथं." मी बाळाच्या हिरडीवरून बोट फिरवलं. बाळानं ते जोरात चावलं, दोन इवले दात होते, आणि पंचफुला पहिल्यांदा हसली. तिच्या हसण्यात मला तिचेही दात दिसले, डाग नसलेले. तिचं बालपण पंपाच्या आधीचं होतं.

"दातापायी लगीन अडते म्हन्तात," ती म्हणाली. "आमच्या इथल्या पोरींले पाहाले आले का आधी तोंड उघडाले लावतीन आता. माह्या दोघीईले तरी नाई."

तिला काय हवं होतं ते तिनं एवढ्या स्वच्छपणे सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात गावंडेंनी सभा बोलावली. आम्ही त्यांच्याकडेच उतरलो होतो. माणूस अगत्याचा होता. आमच्या आंघोळीचं पाणी तापवून ठेवायला सांगायचा, जेवताना स्वतः तूप वाढायचा. सोहनी सर त्यांच्यावर खूश होते. गाववाले पुढं सतरंजीवर बसले, वस्तीतले मागं, पटांगणाच्या कडेनं उभे. मुलंही होती. पंचफुला प्रज्ञाला कडेवर घेऊन लिंबाखाली उभी होती, सुकेशनी तिच्या लुगड्याला धरून.

सरांनी फ्लोराइडबद्दल सांगितलं. लोकांनी जांभया दिल्या. मग गावंडे उठले.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही मोठी मानसं. पन पान्याले काऊन दोष देता? पंपाचं पानी तर आरशासारखं साफ हाय. ह्या लोकाईले दात घासाची सवयच नाई. तंबाखूचा गुडाखू लावतात, बाया बी लावतात, लेकरं बी लावतात. मंग दात काळे नाई होतीन तं काय?"

सतरंजीवर हशा पिकला. मागं कुणीच हसलं नाही.

सर म्हणाले, "तोही एक घटक असू शकतो. स्वच्छतेचं महत्त्व आहेच."

असू शकतो! ते आदल्या संध्याकाळी मला म्हणाले होते की घासण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, डाग आतून आलेत. आणि आता मान डोलावत होते. मला इतका संताप आला की मी उभीच राहिले.

"घासण्याचा संबंध नाही," मी म्हणाले. "वस्तीतल्या प्रत्येक मुलाला डाग आहेत, घासणाऱ्यालाही आणि न घासणाऱ्यालाही. फक्त एका मुलीला नाहीत. तेच घर, तीच भाकरी, तीच राख दाताला. फरक एवढाच की ती लहानपणापासून विहिरीचं पाणी प्यायली. सुकेशनी, ये इकडे. दाखव सगळ्यांना."

सुकेशनी पुढं आली. मी तिची हनुवटी धरून तिचं तोंड सभेकडे वळवलं. तिनं मोठ्ठा आ केला. त्या उन्हात तिचे दात लखलखत होते. हे सांगताना मला अजून तिच्या हनुवटीचा हाताला झालेला स्पर्श आठवतो.

"इहिरीचं पानी?" गावंडे हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "तिले कुठून भेटलं?"

मी तोंड उघडलं आणि तेव्हाच, त्या क्षणी, कळलं. पण कळायला उशीर झाला होता. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते लिंबाकडे बघत होते.

"अस्सं," ते म्हणाले. "आमच्या गोठ्यातून."

पंचफुलानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. पटांगण ओलांडून आली, माझ्या हातातून सुकेशनीची हनुवटी सोडवली, पोरीचा हात धरला आणि चालती झाली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"अतिशय उत्तम निरीक्षण, दामले," सर माझ्या कानाशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघणार होतो. मी चहाला मागच्या पडवीत गेले तर दोन गडी हौद उपसून आत उतरले होते आणि विटेच्या तुकड्यांनी घासत होते. चुन्याची बादली बाजूला होती. म्हशी खुंट्याला ताटकळून रेकत होत्या.

"काय चाललंय हे, वहिनी?" मी गावंडेंच्या बायकोला विचारलं.

"हौद धुतून रायले. पहिलं म्हाईत नव्हतं ना आमाले. दहा वर्षं बुडवत व्हती तिची कळशी." तिनं माझ्या कपात दूध घातलं. "ढोरं पितात त्यात."

"ढोरं पितात म्हणून धुता?"

"काहीतरीच तुमचं! घ्या, चहा घ्या."

मी चहा तसाच ठेवला आणि ओसरीवर गेले. गावंडे आणि सर पोहे खात बसले होते.

"पंचफुला कामावर आली का?" मी विचारलं.

"तिले सांगतलं, येऊ नोको म्हून," गावंडे म्हणाले. "चोराले कोनी कामावर ठेवते काय, डॉक्टरीनबाई?"

"म्हशींचं उरलेलं पाणी घेतलं तिनं. ते चोरी? आणि तुम्ही काय केलंत? चांगलं पाणी असताना दहा वर्षं त्या पोरांना विष प्यायला लावलंत, ते काय?"

"दामले!" सर म्हणाले.

"नाई, बोलू द्या त्यांले. शिकलेल्या हायेत." ते अजूनही हसत होते. "बाई, आमी कोनाले इहीर बंद नाई केली. कायदा हाय ना. यावं अन् भरावं. कोन अडवते? ते येतच नाई, त्यांले त्यांचा पंप हाय."

"मग हौद का धुतलात?"

त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा बदलला.

"सर," मी वळले, "अहवालात एक वाक्य घाला. विहीर वस्तीला खुली करावी. जिल्ह्याला पाठवू. आपल्याकडे आकडे आहेत."

"आपण दातांचे डॉक्टर आहोत, दामले. गावाची व्यवस्था आपण ठरवत नाही. अहवालात पाण्याचा पर्यायी स्रोत शोधावा असं येईलच." आणि गावंडेंकडे बघून, "तरुण आहेत. भावनाप्रधान."

मी पडवीतून एक कळशी उचलली आणि विहिरीवर गेले. चार बाया पाणी भरत होत्या, त्या बाजूला झाल्या. मला दोर ओढायची सवय नव्हती, तळहात सोलून निघाले, निम्मी कळशी हिंदकळून अंगावर आली. गावंडे विहिरीपाशी येऊन उभे होते.

"भरा, भरा," ते म्हणाले. "तुमच्यासाठी मनाई नाई. उद्या कोन भरीन पन?"

 मी कळशी कमरेवर घेऊन गावातून चालत निघाले, ओढा ओलांडला. दारादारांतून लोक बघत होते. मला वाटत होतं, मी काहीतरी फार मोठं करते आहे.

पंचफुला दारात नव्हती, आत चुलीपाशी होती. सुकेशनी बाहेर दगडावर बसली होती. मला पाहून तिनं हात तोंडावर ठेवला, पण या वेळी मैत्रिणींच्या नादानं नाही.

"पंचफुलाबाई, पाणी आणलंय. विहिरीचं. प्रज्ञासाठी."

ती बाहेर आली. कळशीकडे पाहिलं, माझ्या ओल्या साडीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं.

"किती दिसाचं हाय?"

"म्हणजे?"

"हे पानी. किती दिस पुरीन? आठ वर्सं म्हनाल्या व्हत्या तुम्ही."

"मी जिल्ह्याला अर्ज करते. मी सोडणार नाही हे. तुम्ही आज विहिरीवर चला माझ्याबरोबर, कायद्यानं कुणी अडवू शकत नाही. मी उभी राहते तिथं."

"अन् तुमची जीप कई जाते?"

"आज... थोड्या वेळानं."

ती हसली नाही, चिडलीही नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"माह्या नवऱ्याची मजुरी गावंड्याच्याच वावरात हाय, बाई. भावाची बी. तुमच्या संग मी इहिरीवर आली, तं सांजच्याले आमच्या चुली बंद. तुम्ही पोचसान तवा कॉलेजात." मग तिनं विचारलं, "तुमाले म्या इचारलं व्हतं. कागद कुठं जाते म्हून. इचारलं व्हतं का नाई?"

"विचारलं होतं."

"मंग तोंडानं काऊन सांगतलं?"

 मला त्या माणसाचं तोंड बंद करायचं होतं. मी बरोबर आहे हे चारचौघांत दाखवायचं होतं. तिच्या पोरीचं तोंड मी त्यासाठी उघडलं.

"तुमच्यापाशी कार्ड हाय ना, परदन्याचं?" ती म्हणाली.

होतं. तिच्याकडे पहिल्यांदा आले त्या दुपारीच मी उत्साहानं बाळाचंही तपासणीचं कार्ड केलं होतं. पिशवीतच होतं.

"काय लिवलं त्यात, पानी कोनतं?"

"विहीर."

"खोडा ते. पंप लिवा."

"पंचफुलाबाई..."

"लिवा. खरं लिवाले पायजे ना तुमाले? खरं लिवा."

ती समोर उभी राहिली. मी पिशवीतून पेन काढलं, कळशीच्या कडेवर कार्ड टेकवलं आणि विहीर खोडून पंप लिहिलं. हात सोललेले होते, अक्षर वाकडं आलं. तिनं कळशीतलं पाणी आपल्या माठात ओतून घेतलं, रिकामी कळशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "त्यांची हाय. वापस करा, नाई तं तीबी माह्यावर येईन."

जीप ओढ्याबाहेर निघाल्यावर सरांनी माझ्याकडून कार्डं मागून घेतली आणि चाळता चाळता एकावर थांबले.

"हे खोडलंय का तुम्ही?"

मी सांगितलं. काय झालं तेही सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ते दुष्ट नव्हते, हे मला सांगायला हवं, आणि ते सांगताना माझा राग आणखी वाढतो.

"वाईट झालं," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "पण दामले, शास्त्राच्या बाजूनं बघा. एकाच आईच्या दोन मुली. घर तेच, अन्न तेच. एकीला विहीर, दुसरीला नवव्या महिन्यापासून पंप. असा नमुना आपल्याला मागूनही मिळाला नसता. आठ वर्षांनी परत यायचं. लक्षात ठेवा."

मी त्यांच्या हातातून ते कार्ड ओढून घेतलं, फाडलं आणि जीपबाहेर फेकलं. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पिशवीतून कोरं कार्ड काढलं, गुडघ्यावर धरलं आणि त्या धक्क्यांत जमेल तसं लिहायला लागले.

"नाव काय बाळाचं?"

मी सांगितलं नाही.

"हरकत नाही. मेश्राम पुरे."

मी जूनमध्ये संशोधन सोडलं. अर्ज मात्र केले, चार वर्षं, जिल्ह्याला, मुंबईला. एकदाच उत्तर आलं: सदर वस्तीतील हातपंप सुस्थितीत असून पाणीपुरवठा नियमित आहे. मी स्वतः पुन्हा खडकडोहला गेले नाही. जायला हवं होतं. आधी लाज होती, मग मुलं, मग दवाखाना, आणि नंतर कारण देण्याचीही गरज उरली नाही.

सोहनी सर विसरले नाहीत. एक्क्याण्णव सालच्या त्यांच्या निबंधात तो फोटो आहे. दोन बहिणी शेजारी शेजारी, कुणीतरी अंगठ्यांनी त्यांचे ओठ बाजूला ओढून धरलेत. थोरलीचे दात तसेच, दुधाळ. धाकटीचे पुढचे चारही तपकिरी, मधोमध खड्डे. मुलांना शिकवायला तो आजही वापरतात, माझ्या नातीच्या वर्गातही दाखवला. ती दंतवैद्यक शिकते. तिनं फोनवर मला पाठवला आणि कौतुकानं लिहिलं, आजी, बघ किती स्पष्ट फरक आहे.

खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की दुसऱ्या मुलीच्या पाण्याचा स्रोत नवव्या महिन्यापासून बदलला. दोघींच्या डोळ्यांवर काळी पट्टी छापली आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून.